पायाची शीर

“आजी, ती शीर आम्ही उलटी लावलीय.”

टाके तपासता तपासता तो तरुण डॉक्टर एवढंच म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळला. माझी बायपास होऊन पाचवा दिवस होता. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, तीन गोळ्यांच्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, दोन चढल्या की फिजिओथेरपीची मुलगी शाबासकी द्यायची, असे ते दिवस. त्या दिवसांतलं दुसरं काही धड आठवत नाही. हे वाक्य मात्र रुतून बसलं. उलटी का?

दुसऱ्या दिवशी मी त्याला थांबवलं. त्यानं माझ्याच पायावर बोटानं दाखवलं. घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून जांघेपर्यंत जाणारी ही शीर शरीरातली सगळ्यांत लांब. रक्त पावलाकडून वर चढतं. ते मागे घसरू नये म्हणून तिच्यात ठिकठिकाणी झडपा असतात. हृदयावर ती सुलटी जोडली, तर याच झडपा वाट अडवतील. म्हणून टोकं बदलायची. घोट्याकडचं टोक महाधमनीला आणि मांडीकडचं टोक हृदयावरच्या बारीक धमनीला.

अडुसष्ट वर्षं तिनं पायातलं रक्त हृदयाकडे चढवलं. आता ती हृदयालाच रक्त पाजते आहे. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण मला लहानपणापासून आवडत नाही. त्या दिवशी ती मनातून कायमची उतरली.

माझं दुखणं छातीत नव्हतंच. जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, जिना चढताना दम लागायचा. मी पित्त समजून चार महिने आमसुलाचं पाणी पीत राहिले. बायकांचं हृदय पुष्कळदा असं आडून बोलतं आणि आपण बायका त्याला ‘दगदग झाली असेल’ म्हणून गप्प करतो. माझ्या वयाच्या कुणाला असं होत असेल, तर बाई गं, उद्यावर टाकू नकोस, डॉक्टरकडे जा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री जोडवी निघेनात. वॉर्डातल्या मावशींनी साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, शेवटी ती कापावी लागली. मग त्यांनी माझे दोन्ही पाय कोमट पाण्यानं पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. आई गेल्यापासून माझे पाय दुसऱ्या कुणी धुतले नव्हते.

ही पायाची शीर हृदयावर जोडण्याची पद्धत १९६७मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी रुजवली. ते मूळचे अर्जेंटिनाचे. वडील सुतार, आई शिवणकाम करणारी. मोठ्या शहरात नाव काढण्याआधी या माणसानं पाम्पाच्या माळरानावरच्या एका लहानशा गावात बारा वर्षं डॉक्टरी केली. तिथं रक्तपेढी नव्हती, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांचे रक्तगट नोंदवून ठेवले. गरज पडली की त्या गटाच्या माणसाला बोलावणं जायचं. गावच रक्तपेढी. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा हे गाव जवळचं वाटतं. आणि केसाहून बारीक दोऱ्यानं शिरा जोडणाऱ्या हातांत सुताराचं माप आणि शिवणाऱ्या आईचा टाका असणारच, असं मी मनाशी धरून चालते.

पाय म्हटला की मला आजी दिसते. वडिलांची आई. आम्ही वाईला राहायचो. ज्येष्ठ संपत आला की आजी गाठोडं बांधायची आणि लोणंदला जाऊन माउलींच्या पालखीत मिळायची. पंढरपूर करून परत यायची ती उन्हापावसानं काळवंडलेली, आवाज बसलेली, पण चेहऱ्यावर असं काही घेऊन, की घरातले सगळे तिच्याभोवती जरा हळू बोलत. तिच्या टाचांना इतक्या भेगा पडलेल्या असत, की त्यांत मातीच्या रेघाच भरलेल्या. रात्री जेवणं झाली की ओसरीवर कंदील आणि माझ्या हातात काशाची वाटी. तूप परवडायचं नाही, खोबरेल तेलच. तिचं पाऊल माझ्या मांडीवर.

“वाटी फिरव गं, पळवू नको,” आजी म्हणायची.

मला घाई असायची, कारण ओसरीच्या खाली पोरं लपंडाव खेळत असायची. पण थोड्या वेळानं वाटीची लय हाताला सापडायची. तळव्याच्या खळग्यात ती गुळगुळीत फिरायची, टाचेवर खरखरायची. कासं गरम व्हायचं. मग तेल हळूहळू काळं पडायला लागायचं आणि आजी समाधानानं म्हणायची, “निघाली बघ उष्णता.” तो काळेपणा धातूचा असतो हे मला पुष्कळ पुढे कळलं. तरी आजही तेल काळं झालं, की माझ्या आत कुठेतरी गार वाटतं.

आजीच्या भेगांना गावं होती. “ही तरडगावची. ही बरडची, तिथं खडी फार. ही वेळापूरची, तिथं उतारावर पळाले होते ना.” माझं बोट भेगेवरून फिरायचं आणि मला रस्ता दिसायचा. शाळेतल्या नकाशावर वेळापूर शोधायच्या आधी ते मला आजीच्या टाचेवर भेटलं. एकदा मी विचारलं, “एवढं चालून तू देवाकडे काय मागतेस?” तिला प्रश्नच कळला नाही. “मागायचं काय? पायावर डोकं ठेवायला मिळतं तिथं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं नामदेवांच्या पायरीची गोष्ट सांगितली. देवळात जाणाऱ्यांची पावलं आपल्यावर पडावीत म्हणून नामदेवांनी महाद्वाराशी पायरी होणं पत्करलं. आजी त्या पायरीवर कधी पाय देत नसे. “ज्यानं पायाखालची जागा मागून घेतली, त्याच्यावर पाय कसा ठेवू?” असं म्हणून ती वाकून पायरीला हात लावायची आणि बाजूनं आत जायची.

पुढे इंग्रजी शाळेतली नवी मैत्रीण घरी आली असताना आजीनं पाऊल पुढे केलं आणि मी “आत्ता नको” म्हणाले. आजी काही बोलली नाही. पाऊल लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतलं. साठ वर्षं झाली, तो काठ मला अजून दिसतो. हिरवा होता.

आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासमच्छीला तिनं आयुष्यात हात लावला नाही. तिच्या नातीचं रक्त ऑपरेशनमध्ये गोठू नये म्हणून दिलेलं हेपारिन जनावरांच्या, बहुतेक वेळा डुकराच्या, आतड्याच्या अस्तरातून काढतात. काम संपल्यावर त्याचा परिणाम थांबवायला प्रोटामिन लागतं, ते सॅमन माशाच्या रेतातून. हे कळल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसले होते. आजी काय म्हणाली असती? मला वाटतं, तिनं त्या डुकराला आणि माशालाही हात जोडले असते. मी तरी रोज सकाळी जोडते. आभार मानायचे म्हटले की आपली नजर वर जाते. माझी आता खाली जाते. मला जगवणारं सगळं खालूनच आलं आहे.

रक्त मात्र गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी दिलं. सहा जण मोटारसायकलींवर आले, हाताला कापूस लावून चहा पिऊन गेले. त्यांच्या स्पीकरच्या भिंती मला अजूनही सहन होत नाहीत आणि तसं मी त्यांना सांगितलंही आहे. पण गणपतीत आता मी त्यांच्या आरतीला जाते.

भेटायला येणारे म्हणतात, “पुनर्जन्मच झाला तुमचा.” मला तो शब्द पटत नाही. हाच जन्म मला पुढे चालवायचा आहे. त्यातली आजी, ती न चोळलेली टाच, सगळं बरोबर घेऊन. आता मिळतात ती वर्षं ‘जास्तीची’ आहेत असंही मी मानत नाही. छातीच्या आतली धमनी वापरली तर ती पुष्कळ वर्षं टिकते. पायाची शीर त्या मानानं लवकर थकते. ते मला ठाऊक आहे. म्हणून मी चालते. ज्याची शीर काढून घेतली, त्या पायाला निदान रस्ता तरी द्यावा.

तीन महिन्यांनी परवानगी मिळाल्यावर पर्वतीला गेले. पायऱ्या १०३. पहिल्या दिवशी बारा चढले आणि कठड्याला टेकून बसले. संक्रांतीपर्यंत चाळीस. चैत्रात एका सकाळी वर पोचले, तेव्हा खाली शहरावर धूसर ऊन होतं आणि शेजारी एक गृहस्थ कुत्र्याला बिस्किट भरवत होते. मी त्यांना म्हटलं, “आज पूर्ण झाल्या.” त्यांनी काही न विचारता अर्धं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं.

ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. घरातून काशाची वाटी आणि तेलाची बाटली घेऊन मी भवानी पेठेत गेले. शाळेच्या ओट्यावर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. मी समोर बसले, तिचं पाऊल मांडीवर घेतलं. वाटी फिरवली, पळवली नाही. एक पाय झाला, दुसरा झाला. तेल काळं पडलं. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या घोट्याकडे गेलं. संध्याकाळ झाली की तो अजून सुजतो.

“तुझाच पाय सुजलाय की गं. आण इकडं.”

मी नको नको म्हणत होते, पण तिनं घोटा धरून ओढलाच. साडीचा काठ थोडा वर सरकला. घोट्यापासून वर गेलेल्या व्रणावर तिनं खरबरीत बोट ठेवलं आणि नांगरटीचं तास पाहावं तसं ते वरपर्यंत नेलं.

“रेघ सरळ मारलीय,” ती म्हणाली आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

आत टाळ वाजायला लागले होते. हरिपाठाची वेळ झाली होती. ती उठली नाही.