चार बोल्ट

यंत्र एकाएकी बंद पडले, तर माणूस लगेच जागा होतो. तेच यंत्र थोडे थोडे बिघडत गेले, तर मात्र तो त्या बिघाडाशी जुळवून घेतो. जुन्या पिकअपचे ढिले झालेले स्टिअरिंग हे याचे बोलके उदाहरण आहे.

पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली लहान मालवाहू गाडी. अमेरिकेत शेतकऱ्यांपासून सुतार-गवंड्यांपर्यंत अनेकांचा रोजगार तिच्यावर चालतो. जनरल मोटर्स कंपनीच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतील अशा कितीतरी गाड्या तेथे अजूनही वापरात आहेत. त्यांपैकी काहींचे स्टिअरिंग चालकाच्या सोयीनुसार वर-खाली झुकवता येते. ज्या सांध्यामुळे ही सोय मिळते, तो कॉलमच्या नळीला चार बोल्टांनी जखडलेला असतो. वर्षानुवर्षे बसणारे हादरे आणि चक्राला धरून गाडीत चढण्याची सवय यांमुळे हे बोल्ट हळूहळू सैल पडतात.

आरंभी चक्र किंचित डुगडुगते. चालकाचा हात ती डुगडुग आपोआप सांभाळून घेतो. काही महिन्यांनी त्याला ती जाणवेनाशी होते. गाडी दुसऱ्या कोणी हाती घेतली, की तो मात्र दचकतो. हाताने कमावलेले हे कौशल्य म्हणजे वस्तुतः अंगवळणी पडलेला धोका असतो.

चार बोल्ट आवळणे हे काही मिनिटांचे काम. मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी सारा डोलारा उतरवावा लागतो. प्रथम बॅटरीची तार सोडवायची, मग मधला नट काढून पुलरने चक्र ओढून घ्यायचे. या वेळी हातोडा मुळीच चालवायचा नाही. अपघातात दांडा चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून १९६७ च्या मॉडेलांपासून ही कंपनी दबून आखडणारे कॉलम बसवू लागली. त्यांतील प्लॅस्टिकच्या खिळ्या जोराच्या घावाने तुटू शकतात. चक्रानंतर कुलपाची तबकडी, इंडिकेटरचा स्विच, किल्लीचे कुलूप, ताणलेली स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या खिळ्या क्रमाने निघतात. जाणता कारागीर प्रत्येक भाग काढल्या क्रमानेच फडक्यावर मांडून ठेवतो.

अखेर ते चार बोल्ट दिसू लागतात. त्यांची डोकी चांदणीच्या आकाराची असल्याने साधा पाना तेथे चालत नाही. बोल्ट बाहेर काढून आट्यांवरचे तेल पुसायचे, आटे पकडून ठेवणाऱ्या द्रावणाचा थेंब लावायचा आणि मगच ते घट्ट आवळायचे. तेल तसेच राहिले, तर द्रावण धरत नाही आणि सारे श्रम वाया जातात. अलीकडच्या गाड्यांत चक्रामध्ये एअरबॅग असते. तेथे हे काम प्रशिक्षित कारागिरावरच सोपवावे.

दुरुस्तीनंतर सुरुवातीला चालकाला स्टिअरिंग काहीसे परके वाटते. डुगडुग गेलेली असते, पण ती सांभाळण्यासाठी त्याचा हात अजूनही हलत असतो. बोल्ट एका दिवसात आवळले जातात. हाताची सवय सुटायला मात्र आणखी थोडा काळ जावा लागतो.