खाडा आणि सरवा

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या मराठी मंडळ्यांत औदार्याचा विषय निघाला की बोलणं दशांशावर येऊन थांबतं. दहावा हिस्सा हाती पडणाऱ्या पगारावर काढायचा की भविष्य निर्वाह निधी कापण्याआधीच्या आकड्यावर, यावर उपासनेनंतर वाद चांगले रंगतात. कापणीच्या सणाला कुणी भोपळा आणतं, कुणी कोंबडा, कुणी पायलीभर ज्वारी. मग त्यांचा लिलाव होतो, कोंबडा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो आणि मंडळीच्या खर्चाला हातभार लागतो. यात मला काही गैर वाटत नाही, बोली मीही लावते. पण या शहरात राहून, कमावून, घर चालवून मला एक गोष्ट पटत गेली आहे. ख्रिस्ती माणसाच्या औदार्याची परीक्षा अर्पणाच्या थाळीत जितकी होते, त्याहून जास्त ती आपलं येणं पै न पै वसूल करण्याच्या सवयीत होते.

याला आधार बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेत अगदी कडेपर्यंत कापू नये, मागे पडलेला सरवा वेचू नये, द्राक्षमळा झाडून नेऊ नये. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावं, असं तिथे नवव्या-दहाव्या वचनांत सांगितलं आहे. मराठवाड्यात सरवा समजावून सांगावा लागत नाही. भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, वेचणी संपल्यावर बोंडांत अडकलेला कापूस, यांवर कुणाच्या तरी घरची भाजी-मिठाची सोय होते हे इथल्या शिवारात सगळ्यांना ठाऊक आहे. या नियमाची रचना बारकाईने पाहिली की त्यातलं शहाणपण दिसतं. मालक काही उचलून देत नाही, तो फक्त घेत नाही. कुणाला मिळावं हे तो ठरवत नाही. वेचणारी बाई स्वतःच्या कष्टाने वेचते, तिला हात पसरावा लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतुनाचं झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, असंही आहे. पुढे यहुदी धर्मशास्त्र्यांनी मिश्नात या कडेचं किमान प्रमाण साठावा हिस्सा असं ठरवलं, पण कमाल मर्यादा घातली नाही. दशांश दिला की हिशेब मिटतो आणि उरलेले नऊ हिस्से निर्वेधपणे आपले होतात. सरव्याला असा मिटलेला हिशेब नाही. आणि त्याच लेवीयच्या अध्यायात, तेराव्या वचनात, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असा नियम आहे. मजुरी आणि सरवा असे जवळजवळ यावेत हा मला योगायोग वाटत नाही.

आता शहरात शेत कुठलं? माझ्यापुरतं उत्तर असं आहे की जिथे माझी वसुली चालते, तिथे माझं शेत. धुणंभांडी करणाऱ्या बाईचे खाडे हे त्यातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. आमच्या ऑफिसात आजारपणाची रजा पगारी असते. त्याच पगारातून ज्या बाईला पैसे जातात, तिच्या तापाचे दोन दिवस मात्र कॅलेंडरवर फुल्या मारून कापले जातात. हिशेबाने ते चूक नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न श्रद्धेचा आहे. शहागंजात मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांची घासाघीस, रिक्षावाल्याकडून सुट्ट्या पैशांची काटेकोर वसुली, उचल मागणाऱ्याला ऐकवलेली चार वाक्यं, हे सगळं कडेपर्यंत कापणंच आहे. पाण्याचंही तसंच. जायकवाडीसारखं धरण जिल्ह्यात असून अनेक वसाहतींत नळ आठवड्याने येतो, त्यामुळे इथे टाकीतलं पाणी हे धनच. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला दोन बादल्या देताना मनात हिशेब सुरू होतो, तो मला चांगला ओळखीचा आहे. आणि हे शिकवायला या गावाला ख्रिस्ती माणसांची गरज होती असंही नाही. पाणचक्कीत हर्सूलकडून नहरीने आलेल्या पाण्यावर जातं फिरायचं आणि त्या पिठावर बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहीतले फकीर जेवायचे. पैठणला तर एकनाथांच्या कावडीची आणि तहानलेल्या गाढवाची गोष्ट पोरंही सांगतात.

या विचाराला सगळ्यात धारदार आक्षेप आमच्याच माणसांचा आहे, आणि तो बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या शहरात ऐकू येणं स्वाभाविक आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते. खळ्यावर तिष्ठत उभं राहून बलुतं मागणं त्यांनी भोगलं. मालकाने मागे ठेवलेल्या धान्याचं कौतुक त्यांच्या वंशजांना कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं, ते याच व्यवस्थेला वेठबिगारी समजून. आक्षेप खरा आहे आणि तो शब्दांच्या कसरतीने टाळता येत नाही. तरी फरक आहे. बलुत्याच्या बदल्यात जन्माने लादलेलं काम होतं आणि देणाऱ्याच्या समोर वाकणं होतं. सरव्याच्या बदल्यात काहीच नाही. शिवाय अनुवादात या नियमाचं जे कारण दिलं आहे ते मालकाचं मोठेपण नाही: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. देणाऱ्याला त्याची जागा दाखवणारं दान मला तरी दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही. पौलानेही करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी मागताना उद्देश सांगितला तो समानतेचा. अर्थात कागदावरचा नियम नेहमीच व्यवहाराहून स्वच्छ असतो. बायबलमधली रूथ सरवा वेचायला बवाजाच्या शेतात आली तेव्हा ही कोण, याची चौकशी त्याने केलीच.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: ख्रिस्ती माणसाच्या देण्यामागे धर्मांतराचा गळ असतो. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अनाथ मुलं सांभाळली, पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला, तेव्हाही हे बोललं गेलं. त्या काळातल्या प्रत्येकाचा हेतू मी तपासू शकत नाही. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं की अट घातलेलं देणं हा सौदा आहे आणि सरव्याच्या नियमात अट घालायला जागाच नाही, कारण वेचणारा कोण हे मालकाने ठरवायचंच नाही. खाडा न कापल्याने कुणाचा धर्म बदलत नाही. अशाने माणसं सोकावतात, ही तक्रार मात्र मी फार मनावर घेत नाही. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांना दिवाळीचा बोनस मिळतो आणि तो घेऊन कुणी सोकावल्याचं ऐकिवात नाही.

राहिला हप्त्यांचा प्रश्न. घराचं कर्ज, मुलांच्या शिकवण्या, म्हाताऱ्यांची औषधं, यातून कड सोडायची कुठून? ज्यांचं खरोखर भागत नाही त्यांना मी काही सांगणार नाही; नियमसुद्धा शेत असणाऱ्यालाच आहे. पण आमच्यापैकी बऱ्याच जणांचा हात आखडतो तो पैसे नसल्यामुळे नव्हे, हक्क सोडल्यासारखं वाटतं म्हणून. आणि इथे माझ्या म्हणण्याची मर्यादाही कबूल करायला हवी. सरव्यावर रूथ आणि तिची सासू नामी यांचं पोट भरलं, शेत मिळालं ते कायदेशीर सोडवणुकीच्या वाटेने. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी तापाच्या दोन दिवसांचा पगार मालकिणीच्या मर्जीवरच आहे. तो उद्या हक्क म्हणून लिहिला गेला तर माझ्या औदार्याची तेवढी कड कमी होईल, आणि त्यासाठी मोर्चा निघाला तर मला त्यात चालायला हवं.