संबळ आणि तुणतुण्याच्या मधे

गोंधळाच्या ध्वनिमुद्रणात खरी अडचण आहे ती संबळ आणि तुणतुण्याची. दोन्ही वाद्यं एकाच वेळी, हातभर अंतरावर वाजत असतात. संबळावर काडी पडली की ठोका थेट छातीत जाणवतो. तुणतुण्याला एकच तार, आणि लाकडी नळकांड्याच्या तळाला ताणलेलं कातडं. त्याचा आवाज चार पावलांवर विरळ व्हायला लागतो. समोर बसलेल्या माणसाचा कान दोघांनाही सांभाळून घेतो, कारण त्याला काय ऐकायचं आहे हे ठाऊक असतं. माइकला ते ठाऊक नसतं. तो हवेचा दाब मोजतो आणि मोजलेलं जसंच्या तसं पुढे देतो. म्हणून कानाने केलेलं काम आपल्याला जागा, अंतर आणि दिशा निवडून आधीच करून ठेवावं लागतं.

परभणी जिल्हा हा गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांचा. इथल्या माणसाला गोंधळ समजावून सांगावा लागत नाही. चौक भरला, दिवटी पेटली की पुढे पहाटेपर्यंत काय होणार हे पोरांनाही माहीत असतं. त्यामुळे इथं चुकीचं ध्वनिमुद्रण लगेच पकडलं जातं. आवाज स्वच्छ आहे पण गोंधळ लागत नाही, असं एखादी म्हातारी ऐकता ऐकता म्हणते, आणि तिचं म्हणणं बरोबर असतं. बहुतेक वेळा अशा मुद्रणात संबळाने सगळी जागा खाल्लेली असते आणि मागे साथीला गाणाऱ्या झिलकऱ्यांचा आवाज कुठंतरी हरवलेला असतो.

तरुण पोरं मला विचारतात, “सर, कोणता रेकॉर्डर घेऊ?” मी उलट विचारतो, कुठं बसून मुद्रण करणार? प्रश्न टाळायचा म्हणून नव्हे. रेकॉर्डर ही साखळीतली शेवटची कडी आहे. आधी जागा, मग माइक, मग रेकॉर्डर. आजच्या घडीला दहा-बारा हजारांच्या घरातलं यंत्रसुद्धा २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर चांगलं मुद्रण करतं. त्या दर्जाचं दोन ट्रॅकचं मुद्रण तासाला साधारण एक जीबी जागा घेतं, म्हणजे रात्रभराचा अख्खा गोंधळ ३२ जीबीच्या कार्डात मावून वर जागा उरते. ज्यांनी कॅसेटवर मुद्रण केलं त्यांना याची किंमत कळेल. सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपायची, आणि ती नेमकी आख्यान रंगात आल्यावर संपायची.

मोबाइलवर का नाही, हाही प्रश्न येतो. आठवणीसाठी मोबाइल उत्तमच. पण बहुतेक मोबाइलमध्ये आवाजाची पातळी यंत्र आपणहून वरखाली करत असतं. संबळाचा ठोका आला की ते सगळाच आवाज दाबतं, ठोका सरला की पुन्हा वर उचलतं. मग गाणाऱ्याचा आवाज प्रत्येक ठोक्यामागे दबतो आणि फुगतो. गायकाने घेतलेला चढउतार आणि यंत्राने केलेला चढउतार यांत फरकच राहत नाही. गोंधळ्याने आवाज खाली आणून कथेतली एखादी गोष्ट हळू सांगितली, तर मोबाइल ती ओरडून सांगितल्यासारखी मोठी करतो. ही सोय बंद करता येते ते यंत्र घ्यावं, आणि घेतल्यावर पहिल्यांदा ती बंदच करावी.

माइकचं गणित जागेवरून सुटतं. गोंधळात सर्वांत चांगली जागा यजमानाची. तो चौकासमोर बसलेला असतो, गोंधळी देवीला आणि त्याला उद्देशून गात असतो. माझे माइक मी यजमानाच्या जरा मागे, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच लावतो. कंडेन्सर जातीचे दोन छोटे माइक, दोघांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. ही मांडणी फ्रेंच रेडिओने रूढ केली आणि तिचं नावही त्या रेडिओवरूनच ओआरटीएफ असं पडलं. दोन माइकमधलं अंतर आपल्या दोन कानांच्या अंतराच्या जवळचं आहे, आणि हेडफोन लावून ऐकताना त्याचा फायदा दिसतो: गोंधळी चालतो, वळतो, दिवटीकडे जातो, परत फिरतो, आणि ऐकणाऱ्याला त्याची पावलं डावीकडून उजवीकडे जाताना कळतात. गायकाच्या तोंडाजवळ माइक धरला की हा सगळा खेळ संपतो. उरतो फक्त आवाज. आणि तोही अर्धा वेळ, कारण तो मान फिरवतोच.

संबळ त्यातल्या त्यात लांब आणि तुणतुणं त्यातल्या त्यात जवळ कसं येईल, हे वादकांशी बोलूनच ठरतं. दोघं कोणत्या बाजूला उभे राहणार हे आधी विचारून घ्यावं. “मामा, तुणतुणंवाले जरा पुढं राहिले तर चालंल का?” एवढं म्हटलं की काम होतं. मात्र ‘हळू वाजवा’ असं कधीच म्हणू नये. संबळ हळू वाजवला की तो संबळ राहत नाही, आणि वादकाचं मनही त्यातून उठतं. यंत्राने माणसाशी जुळवून घ्यायचं असतं.

अलीकडे ३२ बिट फ्लोट नावाची सोय असलेले रेकॉर्डर आले आहेत. झूम कंपनीचा एफ३ हा छोटा रेकॉर्डर २०२२ मध्ये आला, तेव्हापासून ही सोय आमच्यासारख्यांच्या खिशाला थोडीफार परवडू लागली. तिचा अर्थ असा, की आवाजाची पातळी आधी ठरवून ठेवायची गरज जवळजवळ संपते. ठोका कितीही मोठा आला तरी नंतर संगणकावर खाली आणता येतो, कुजबुज वर उचलता येते. पण एक गोष्ट सांगायलाच हवी: ही सोय रेकॉर्डरच्या पोटात आहे, माइकच्या पोटात नाही. माइकची स्वतःची एक मर्यादा असते. पक्ष्यांच्या आवाजासाठी लोक आवडीने वापरतात ते कमी खरखर करणारे छोटे माइक साधारण १२० डेसिबलच्या आसपास हात टेकतात. असा माइक संबळाच्या कातड्यापासून वीतभर अंतरावर ठेवला तर आवाज माइकमध्येच फाटतो, आणि फाटलेलं कापड कितीही मोठ्या पेटीत ठेवलं तरी सांधलं जात नाही. म्हणून विकत घेताना माइकच्या कागदावरचा सर्वाधिक आवाजाचा आकडा बघावा. १३० च्या वर असेल तर निर्धास्त राहावं. ज्यांच्याकडे जुनं २४ बिटचं यंत्र आहे त्यांनी मन छोटं करू नये. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी धरली तर त्यातही अवघी रात्र निर्धोक पार पडते.

कीर्तनाचं सगळंच वेगळं. अखंड हरिनाम सप्ताहात रात्री नऊ ते अकरा कीर्तन, मंडप मोठा, माणसं हजारांनी, आणि सगळं स्पीकरवर. साउंडवाल्याने इको भरपूर ठेवलेला असतो, कारण लोकांना तो आवडतो. अशा वेळी मंडपात फक्त माइक लावून बसलं तर मुद्रणात कीर्तनकारापेक्षा स्पीकर जास्त ऐकू येतो. दुसऱ्या टोकाला, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतली तर कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळतो, पण मंडप नाहीसा होतो. मागे अर्धगोलात उभ्या असलेल्या टाळकऱ्यांसमोर सगळीकडे माइक नसतात, त्यामुळे चाळीस टाळांचा नाद मिक्सरमध्ये येतच नाही. गजरात लोकांनी उचलून धरलेला अभंग येत नाही. कीर्तन हे एकट्या माणसाचं भाषण झालेलं असतं.

म्हणून इथं चार ट्रॅकचा रेकॉर्डर लागतो. झूमचा एच५, एच६, टास्कमचा डीआर-४० ही यंत्रं त्यासाठीच वापरात आहेत. दोन ट्रॅकवर मिक्सरची वायर, दोन ट्रॅकवर मंडपातले आपले माइक. नंतर दोन्ही एकत्र करताना एक हिशेब करावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. माइक स्टेजपासून दहा मीटरवर असतील तर त्यांच्यात आवाज मिक्सरच्या वायरपेक्षा जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तसंच मिसळलं तर शब्दांना पोकळपणा येतो. कीर्तन सुरू होण्याआधी कुणाला तरी स्टेजवरच्या माइकसमोर एक टाळी वाजवायला सांगावी. संगणकावर दोन्हीकडच्या टाळ्या एका रेषेत आणल्या की झालं. मिक्सरकडून येणारा आवाज माइकपेक्षा कितीतरी ताकदीचा असतो, तेव्हा रेकॉर्डरवर लाइनचं बटण निवडावं, आणि ४८ व्होल्टचा फँटम त्या दोन वाहिन्यांपुरता बंद आहे ना, हे दोनदा बघावं.

आणि साउंडवाल्याशी दोस्ती ठेवावी. तो संध्याकाळपासून राबत असतो, लाइट गेली की जनरेटर त्यालाच सुरू करायचा असतो, माइकने शिट्टी मारली की बोलणी त्यालाच. आपण शेवटच्या दहा मिनिटांत वायर घेऊन उभे राहिलो तर तो नाही म्हणणारच. दुपारी जाऊन चहा घ्यावा, कोणता सॉकेट रिकामा आहे विचारावं. रेकॉर्डर मात्र सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालवावा. मंडपातल्या प्लगमध्ये चार्जर खोचला की विजेची ५० हर्ट्झची घुंई मुद्रणात शिरते, आणि ती पखवाजाच्या धुम्याच्या अगदी शेजारी बसते.

धुम्याचं मुद्दाम सांगतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते. त्या भिजवलेल्या कणकेच्या वजनाने तो खर्जातला भरीव घुमारा निघतो. वारकरी पावली धरतात तेव्हा स्टेजच्या फळ्या हलतात आणि ती धडधड स्टँडमधून माइकमध्ये चढते. रेकॉर्डरवर खालचा आवाज कापायचं बटण असतं, ते दाबलं की धडधड जाते. पण तिच्याबरोबर धुम्याचा घुमाराही पातळ होतो. बटणाला हात लावायच्या आधी स्टँड स्टेजवरून खाली जमिनीवर आणावा, आणि तेही शक्य नसेल तर पायाखाली चौघडी वाकळ घालावी. घरची जुनी वाकळ माझ्या सामानात कायम असते. विकतच्या रबरी बैठकीपेक्षा ती जास्त काम करते.

हवामानाचं भान ठेवावं लागतं ते हिवाळ्यात. परभणीची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो आणि गोदाकाठी, गंगाखेडच्या बाजूला, पहाटे दव पडतं. कंडेन्सर माइकच्या आतला पडदा आणि त्यामागची पट्टी यांत अंतर केसाएवढं. तिथं ओल धरली की चरचर, तडतड सुरू होते. माइक रात्रभर उघड्यावर राहणार असेल तर त्यावर फरचं टोपडं असू द्यावं. वाऱ्यासाठी ते लागतंच, दवातही ते आडोसा देतं. गार माइक एकदम उबदार घरात नेला तर त्याच्यावर पाणी सुटतं, म्हणून पिशवी बंद ठेवून ती खोलीत अर्धा तास तशीच राहू द्यावी.

फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथल्या कव्वालीत टाळी हेही एक वाद्यच, आणि टाळीचा आवाज इतका टोकदार की माइक थेट रोखलेला असेल तर शब्दांना कात्री लागते. तिथं माइक थोडे वर, कव्वालांच्या डोक्यांवरून मागे रोखलेले बरे पडतात. टाळी बाजूने येते, आवाज सरळ येतो. मधूनच उठून नजराणा द्यायला पुढे जाणारी माणसं, त्यांच्यामुळे गायकाने तोच मिसरा पुन्हा घेणं, हे सगळं मुद्रणात राहिलं पाहिजे. ते कापून टाकलेली कव्वाली मी ऐकली आहे. तीच ओळ कव्वाल पाचव्यांदा का म्हणतो आहे, हे त्यात कळतच नाही.

या जिल्ह्यातलं मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं ध्वनिमुद्रण कुठल्याच मैफलीचं नाही. ते जात्यावरच्या ओव्यांचं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वाटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल हे संगीतज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि १९९० च्या दशकात ओव्यांचं डॅट टेपवर मुद्रण झालं. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर तो आज कुणालाही ऐकता येतो. डॅट हे त्या काळचं नवं, महागडं तंत्र. खेड्यातल्या बाईच्या ओवीसाठी ते वापरावं असं त्या मंडळींना वाटलं, याचं मला मोठं अप्रूप आहे. इतकं चांगलं यंत्र शहरातल्या सभागृहासाठी राखून ठेवायचं आणि गावात टेपरेकॉर्डर न्यायचा, असा भेद त्यांनी केला नाही. माझं सामान निवडताना मी हेच धरून चाललो आहे. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. तिथल्या आसपासच्या गावांत ज्यांनी खरोखर जात्यावर बसून गायलं त्या बाया आता उताराला लागल्या आहेत. त्यांच्यासाठी पाठीवर मावेल इतकंच पण घरातलं सर्वांत चांगलं सामान न्यावं.

ओवी मुद्रित करताना जातं फिरत असेल तर त्याची घरघर ठेवावी. खुंटा ओढताना श्वास लागतो, ओळ तिथंच तुटते आणि तिथूनच पुढे निघते. घरघर हा तिचा ठेका आहे. संगणकावर ती पुसून टाकणारी साधनं आता फुकट मिळतात. ती वापरली तर ओवी मधेच का थांबते, हे ऐकणाऱ्याला समजणार नाही. छोटे दोन माइक, एक बाईच्या तोंडाच्या अंगाला आणि एक जात्याच्या अंगाला, जमिनीपासून हातभर. खोली मातीच्या भिंतींची असेल तर आवाज गोड येतो. पत्र्याचं छत असेल तर ओसरीत बसवावं.

मुद्रण सुरू केल्यावर पहिल्यांदा मी स्वतःच्या आवाजात बोलतो: गाव, तालुका, तारीख, कुणाच्या घरचा गोंधळ, गाणाऱ्याचं नाव, संबळ कुणाचा, तुणतुणं कुणाचं, झिलकरी कोण. फाइलचं नाव नंतर कुणी बदललं, कार्ड कुठं सरमिसळ झालं, तरी हे त्या आवाजाला चिकटून राहतं. गाणाऱ्याला विचारून घेतो की हे कुणाला ऐकवलेलं चालेल आणि कुणाला नाही; काही गाणी घरच्या देवापुरती असतात. मग आठवड्याच्या आत मूळ वेव्ह फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्या घरी पोचवतो, आणि मोबाइलसाठी एक एमपी३ वेगळी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल त्यांच्याकडून पुसली जाते, पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याच्या फडताळात राहतो. पुढच्या खेपेला त्याच घरी गेलो की मामा आधी त्या मुद्रणातली चूक सांगतात, तुणतुणं अजून वर पाहिजे होतं, आणि मी स्टँड हातभर पुढे सरकवतो.