डोळ्यांची इंग्रजी आणि कानांची इंग्रजी

बडोद्याच्या मराठी घरांत इंग्रजी शिरली ती डोळ्यांच्या वाटेने, हे आमचे मत गेल्या काही महिन्यांत अधिकच पक्के झाले आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावून दिली, आणि आमच्या आजोबांच्या पिढीस वाचनाचा जो छंद लागला तो लागलाच. इंग्रजी आमच्याकडे आली ती अशी, पुस्तकांतून, सरकारी हुकुमांतून, तारांतून आणि नोकरीच्या अर्जांतून. कानांवर पडली ती आमच्याच मास्तरांच्या तोंडून. आणि मास्तर जे जे अक्षर छापलेले दिसे, त्याचा उच्चार केल्यावाचून त्यास सोडीत नसत.

गुजराती मात्र आमच्या घरांत कानांवाटे आली. आमच्या आजीला गुजराती लिपीचे एक अक्षर लागत नव्हते, पण मांडवीच्या बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना तिचे काही अडत नसे. सुरतेकडची बाई बोलो की काठेवाडातली, आजीला अर्थ बरोबर कळे. अर्धे शब्द तिच्या कानांतून निसटत असतील, पण निसटलेल्या शब्दांची ती फिकीर करीत नसे. समोरच्याचे म्हणणे काय, त्याचा कल कुठे, तो भाव उतरवणार की अडून बसणार, एवढे तिला हवे असे आणि तेवढे ती नेमके उचलीत असे.

हे सारे आठवायचे कारण आमच्या सूनबाईंची परीक्षा. प्रथम हे सांगावयास हवे की ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. एकाची हयात रेल्वेच्या हिशेब कचेरीत गेली, दुसरीची मराठी शाळेत मुलांकडून शुद्धलेखन गिरवून घेण्यात. सूनबाईंचे माहेर बेळगावकडचे. दहावीपर्यंत मराठी शाळा, शेजारीपाजारी कानडी, पुढे रसायनशास्त्राची पदवी इंग्रजीतून, आणि लग्नानंतर गुजराती. जुन्या वस्त्रांचे शास्त्रीय जतन कसे करावे, या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम इंग्लंडातील एका विद्यापीठात आहे. तेथे प्रवेश मिळावा ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा. नात सहा वर्षांची. तिला वर्षभर आम्ही आणि चिरंजीव सांभाळणार, असे घरात ठरले. नातेवाइकांत यावर पुष्कळ चर्चा झाली. ‘पोरीला टाकून सून परदेशी जाणार?’ असेही एका मावशींनी विचारले. मुलगा जाता तर हा प्रश्न कोणी विचारला असता काय, असे आम्ही त्यांना नम्रपणे विचारले, आणि चहा पुढे केला. असो.

विद्यापीठास इंग्रजीचा दाखला हवा होता. सूनबाईंनी केंब्रिजची ‘सी वन ॲडव्हान्स्ड’ ही परीक्षा निवडली. ही परीक्षा १९९१ साली सुरू झाली. तिच्याही वरची ‘प्रोफिशियन्सी’ ही १९१३ सालची. त्या पहिल्या वर्षी बारा तासांची परीक्षा द्यायला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. सूनबाईंचा पहिला निकाल आला तेव्हा ही हकीकत सांगून आम्ही त्यांचे सांत्वन केले. त्यांना हवे होते १८५ आणि मिळाले १७८. ही संख्या पाच गुणांची सरासरी असते. वाचनात १९१, भाषेच्या वापरात १८४, लेखनात १७६, संभाषणात १७५, आणि श्रवणात १६४. गुणपत्रिका म्हणजे आमच्या साऱ्या समाजाची पत्रिकाच जणू! डोळे तरबेज आणि कान कच्चे.

दुसऱ्यांदा बसायचे ठरले. परीक्षेचे शुल्क काही थोडे नव्हे, आणि विद्यापीठही जागा अनिश्चित काळ राखून ठेवीत नाही. म्हणून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर, नात झोपली की, सूनबाई अभ्यासाला बसू लागल्या आणि आम्हीही त्यांच्यासोबत बसू लागलो.

श्रवणाची प्रश्नपत्रिका सुमारे चाळीस मिनिटांची, चार भागांत तीस प्रश्न. प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात. दोनदा ऐकवतात म्हणजे सोपे असणार, असे आम्हास वाटले. पण पहिल्या रात्री आम्हा तिघांच्या समाईक बुद्धीने तिसांपैकी चौदा उत्तरे बरोबर आली. छापील संहिता उघडून पाहिली तर त्यातला एकही शब्द अनोळखी नव्हता! सूनबाई हिरमुसल्या. ‘बाबा, वाचलं की सगळं कळतं हो, मग ऐकताना कुठे जातं?’

कुठे जाते ते आम्ही शोधू लागलो. मराठीत आपण अक्षराअक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजीत मात्र जोर पडलेले अक्षर उभे राहते आणि बाकीची त्याच्या पायांशी दबून बसतात. ‘व्हेजिटेबल’चे ‘व्हेज्टबल’ होते, ‘कम्फर्टेबल’चे ‘कम्फ्टबल’. ‘शुड हॅव’ हे दोन शब्द ‘शुडव’ असे एका श्वासात निघून जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटॉग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, आणि शब्दाचा चेहरा पालटतो. डोळ्यांनी ओळखीचा असलेला गृहस्थ आवाजावरून ओळखू येऊ नये, तसला हा प्रकार. त्यात बोलणारे एका गावचे नसतात. कोणी स्कॉटलंडचा, कोणी उत्तर इंग्लंडचा, कोणी ऑस्ट्रेलियाचा. नागपूरची मराठी आणि मालवणची मराठी एकाच कानाने ऐकणाऱ्यास याचे नवल वाटू नये, पण परीक्षेत वाटते.

यावर शाळेतल्या बाईंनी, म्हणजे आमच्यातील दुसरीने, आपला जुना उपाय काढला, तो श्रुतलेखनाचा. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, जसे ऐकू आले तसे लिहायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मगच छापील संहितेशी ताडून पाहायचे. चुकलेला शब्द लाल शाईने नव्हे, तर तोंडाने दुरुस्त करायचा. ध्वनिमुद्रणातल्यासारखाच घाईने तीनदा म्हणायचा. मागाहून कळले की १९१३ च्या त्या पहिल्या परीक्षेतही अर्धा तास श्रुतलेखन होते. हे कळल्यापासून घरात बाईंचा दरारा थोडा वाढला आहे. रोज दहाच मिनिटे, त्याहून अधिक नाही, कारण त्यापुढे कान ऐकण्याचे सोंग करू लागतात.

पण श्रुतलेखनाने एक उपद्रवही होतो. एकेका शब्दाच्या मागे धावण्याची सवय लागते, आणि परीक्षेत ती घात करते. एक शब्द निसटला की सूनबाई तिथेच थबकत, आणि तेवढ्यात पुढची तीन वाक्ये निघून जात. येथे आम्हाला आजी आठवली. म्हणून दिवसाआड वेगळा सराव ठेवला. पाच मिनिटांचे भाषण सलग ऐकायचे, कागद-पेन्सिल दूर ठेवायची, आणि शेवटी मराठीत एवढेच सांगायचे की बोलणाऱ्याला काय वाटते आणि त्याचे मत कुठे पालटले. कीर्तनाला जाणाऱ्यास ही विद्या नवी नाही. बुवा आख्यान सोडून पाच मिनिटे भलतीकडे हिंडून येतात, पण मूळ अभंगाचे सूत्र श्रोत्याच्या हातून सुटत नाही.

मत कुठे पालटते, यातच प्रश्नकर्त्याची सारी मखलाशी असते. समजा, कोणी बाई पक्ष्यांची गणती करायला गेल्याचे सांगते आहे. प्रथम तिला होडीने जायचे होते, सोबतचे लोक सायकलींचा आग्रह धरीत होते, पण शेवटी सगळे पायी गेले. होडी, सायकल आणि पाय, तिन्ही शब्द कानांवर पडतात; ओळखीचा शब्द ऐकताच जो झडप घालतो तो होडीत बसतो आणि बुडतो. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी प्रश्न वाचायला जो थोडा अवधी देतात तो सोन्याचा. दुसऱ्या भागात आठ अपुरी वाक्ये पुरी करायची असतात. तेथे त्या पाऊण मिनिटात रिकाम्या जागी काय येणार याचा अदमास बांधायचा; वस्तू, स्थळ की एखादा गुण. कशाची वाट पाहायची ते कानांना ठाऊक असले, की ते सावध राहतात.

या सरावाचा एक अनपेक्षित लाभ आमच्यातील पहिल्यास झाला. इंग्रजी अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ त्यांना कधीच ऐकू येईना, आणि ‘फ’ व ‘थ’ यांत भेद कळेना. आधी दोष ब्रिटिशांच्या उच्चारांना दिला गेला. पुढे कानांच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, आणि हे वर्ण त्याच पट्टीतले. आता कानात यंत्र आहे. स्वयंपाकघरातून दिलेली हाक ऐकू आली नाही, ही सबब मात्र गेली.

वाचनाकडे सूनबाईंनी दुर्लक्ष करावे, असे आम्हास वाटले नाही. सरासरी उचलायची तर वाचनाचे १९१ खाली येता कामा नयेत. भाषेचा वापर आणि वाचन एकाच प्रश्नपत्रिकेत येतात. नव्वद मिनिटे, आठ भाग, छप्पन्न प्रश्न, म्हणजे प्रश्नास दीड मिनिटाहून जेमतेम अधिक. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत, म्हणून कोणतीही जागा कोरी ठेवू नये. बाकीच्या भागांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही, पण सातव्या भागाने आमचे मन जिंकले. एका लेखातून सहा परिच्छेद काढून घेतलेले असतात आणि ते जागच्या जागी बसवायचे असतात. फसवायला सातवा उपरा परिच्छेदही मिसळलेला असतो.

सुट्या पानांची पोथी वाऱ्याने उडाली आणि पानांचे आकडे कसरीने खाल्लेले असले, तर काय करावे, तसाच हा खेळ. आमच्या घरी पोथीची पाने मागच्या ओळीवरून पुढची ओळ ओळखून लावीत, येथेही तेच. मात्र मराठी वाचणाऱ्यास येथे एक ठेच लागते. मराठीत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांवरून शब्दाचे लिंग कळते आणि वाक्याचा धागा सापडतो. मागे ‘नदी’ असेल तर पुढे ‘ती’ आलीच पाहिजे. इंग्रजीत नदी, डोंगर आणि झाड यांना मिळून एकच ‘इट’! ‘धिस’ म्हणजे नेमके काय, ‘सच’ म्हणजे कशासारखे, ‘हाउएव्हर’ने कोणाचे म्हणणे खोडले, हे अर्थावरूनच ठरवावे लागते. सूनबाई प्रत्येक अशा शब्दापासून मागे एक बाण काढतात आणि ज्यावर तो टेकतो त्यास गोल करतात. बाण टेकायला जागा मिळाली नाही, की परिच्छेद चुकीचा. कान ज्या चुका करतात त्याच चुका डोळेही करतात, हे तेव्हा ध्यानात आले. मागच्या आणि पुढच्या परिच्छेदांत एकच शब्द दिसला की डोळाही झडप घालतोच.

तीन महिने झाले. श्रवणातली चौदा बरोबर उत्तरे आधी सतरा झाली, मध्ये एकदा पुन्हा पंधरावर घसरली (त्या दिवशी नातीस ताप होता), आणि गेल्या आठवड्यात बावीसवर आली. सूनबाई आता भाजी निवडताना ब्रिटिश नभोवाणीवरची चर्चा लावून ठेवतात आणि मध्येच हसतात, आणि कशाला हसल्या ते विचारले तर सांगू शकतात. नातही शेजारी बसून ऐकते. तिला एक शब्द कळत नसावा, पण बोलणारा रागावला की थट्टा करतो आहे हे ती अचूक सांगते. ‘हे आजोबा खोटं खोटं चिडलेत,’ असे ती परवा म्हणाली, आणि ते खरे होते.

परीक्षा पुढल्या महिन्यात, केंद्र परगावी. पहाटेच्या गाडीने जायचे आहे. चौथा भाग अजून डोके खातो. पाच जण एकामागून एक बोलतात आणि प्रत्येकाविषयी दोन निरनिराळे प्रश्न एकाच वेळी सोडवायचे असतात. पहिल्या ऐकण्यात डावीकडचा रकाना, दुसऱ्यात उजवीकडचा, असे सूनबाई म्हणतात. बाईंचे म्हणणे, दोन्ही रकाने दोन्ही वेळा डोळ्यांपुढे असावेत, कारण काही उत्तरे पहिल्यांदाच हाती लागतात. यावर काल रात्री अकरापर्यंत वाद झाला. आज दोन्ही रीतींनी एकेक नमुना सोडवून पाहायचे ठरले आहे.