कुणाच्या शेतातलं हरीण

माझ्या फोनमध्ये सध्या रायफलींचे इतके फोटो साठलेत की कुणी फोन तपासायला घेतला, तर मला मेघवाडी पोलीस ठाण्यात जाऊन खुलासा करावा लागेल. पाठवणारा माझा लहानपणचा मित्र. जोगेश्वरी पूर्वेला आम्ही एकाच चाळीत वाढलो. पुढे तो शिकून अमेरिकेला गेला आणि आता ॲरिझोनातल्या टूसाँला राहतो. यंदा त्याला म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीचा परवाना लागला. लागलाच म्हणायचं, कारण म्हाडाच्या घरासारखा तो सोडतीत निघतो. दरवर्षी अर्ज करायचा. नंबर आला नाही की एक बोनस पॉइंट जमा होतो आणि पुढच्या खेपेची आशा थोडी वाढते. काही वर्षं अशी गेल्यावर यंदा त्याचं नाव निघालं. बायको शाकाहारी, मुलीला हा प्रकारच पसंत नाही, तेव्हा मराठीत मन मोकळं करायला मी उरलो. त्याला माझा सल्ला नको असतो, ऐकणारा हवा असतो, आणि ऐकण्याला पैसे पडत नाहीत.

ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. रायफल निवडताना हरणाचा विचार पटकन संपतो आणि उरलेला सगळा वेळ माणूस स्वतःचाच विचार करत असतो. दुकानात त्याच्यापुढे तीच तीच नावं येत होती. १९०६ सालचं थर्टी-ऑट-सिक्स, १९२५ चं टू-सेव्हंटी विंचेस्टर, १९५२ चं थ्री-ओ-एट, अलीकडचं म्हणजे २००७ चं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर. यातलं कुठलंही काडतूस हरणाला पुरून उरतं. मग भांडण कशाचं? खांद्याचं. मोठ्या काडतुसाचा धक्का जोरात बसतो. त्याची धास्ती एकदा मनात शिरली की चाप ओढायच्या आधीच माणूस दचकतो, डोळे मिटतात आणि नळी हलते. मित्र अंगानं किरकोळ, पन्नाशी ओलांडलेला. त्यानं टू-सेव्हंटी घेतली, तीही बोल्ट ॲक्शनची. एक गोळी झाडली की हातानं बोल्ट मागे ओढून पुढे सारायचा, मगच दुसरी. तेवढा वेळ डोकं ताळ्यावर यायला पुरतो, असं त्याचं म्हणणं.

मग सराव. एकदा त्यानं मैदानातूनच व्हिडिओ कॉल लावला. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर टेकवलेली रायफल, शंभर यार्डांवर कागदी लक्ष्य. तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होईपर्यंत थांबायचं, दुर्बिणीवरची चकती एक-दोन खटके फिरवायची, पुन्हा तीन गोळ्या. एका खटक्यानं शंभर यार्डांवर पाव इंचाचा फरक पडतो. दोनशे यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी जुळणी केली, तर तीनशेवर गोळी सहा-सात इंच खाली उतरते. हा हिशेब त्यानं चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटपट्टीनं लावलाय. खरी परीक्षा त्यानंतरची. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं असतात ती जागा साधारण आठ-दहा इंचांची. तेवढी कागदी ताटली समोर लावायची, थोडं पळून यायचं आणि धाप लागलेली असताना जमिनीवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकून गोळ्या झाडायच्या. जितक्या अंतरावरून सगळ्या ताटलीत बसतात, तितकाच आपला पल्ला. मित्राचा दोनशे यार्ड निघाला. रायफल सहज चारशेची आहे, पण दोनशेच्या पलीकडलं हरीण आपलं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

बाकीची तयारी तर बंदुकीविनाच चालते. रायफलीपेक्षा जास्त पैसे त्यानं तिपाईवर लावायच्या दुर्बिणीत घातले. सोनोरन वाळवंटात चालणाऱ्याला हरीण दिसत नाही, बसणाऱ्याला दिसतं. उजाडायच्या आधी टेकडीवर जाऊन बसायचं आणि समोरचा उतार सागुआरो निवडुंगांच्या, काटेरी झुडपांच्या फटीफटीतून तुकड्या-तुकड्यानं न्याहाळायचा. अख्खं हरीण शोधायचं नसतं. एखादा कान हलतो का, पाठीची आडवी रेघ दिसते का, ते बघायचं. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर, म्हणून जायची वाटसुद्धा घड्याळाप्रमाणे बदलते. हवा तापलेली असते, मांस लवकर बिघडतं, तेव्हा ते गार कसं करायचं आणि गाडीपर्यंत कसं वाहायचं, याची यादी त्यानं आधी केली. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. गोळी शिशाची की तांब्याची, यावरही त्यानं खल केला. टाकून दिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण पोटात जाऊन कंडोर गिधाडं मरतात, म्हणून राज्याच्या उत्तर भागात वन्यजीव खातंच शिकाऱ्यांना शिसं टाळायची विनंती करतं. त्याचा इलाका दक्षिणेचा, कंडोर तिकडे नाहीत, तरी त्यानं तांब्याचीच घेतली.

एवढं करून तो एक हरीण मारणार. हे मला रुचत नाही आणि मी ते त्याला सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, ‘तू हरणासाठी काय करतोस?’ मी म्हटलं, मारत नाही. तो म्हणाला, ‘ते तर तू कांगारूसाठीपण करतोस.’

त्याच्या बोलण्याला आकड्यांचा आधार होता. अमेरिकेत १९३७ साली एक कायदा झाला, पिटमन-रॉबर्टसन नावाचा. शिकारीच्या रायफली आणि काडतुसं यांवर अकरा टक्के कर, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे. परवान्याचे पैसे वेगळे. म्हणजे हरीण मिळो न मिळो, मित्रानं दुकानात पाऊल टाकलं तेव्हाच हरणांच्या खात्यात काहीतरी जमा झालं. ही व्यवस्था निर्दोष नाही, आणि ती इथे आणावी असंही मला वाटत नाही. आपल्याकडे शिकारीचा इतिहास वेगळा आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचे. बैलगाडीला काळविटं बुजत नाहीत, म्हणून अगदी जवळ गेल्यावर पट्टी काढून चित्ता सोडायचे. देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणले. तयारीची हौस तिथेही होती, फक्त मर्यादा कुठेच नव्हती. तेव्हा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट, चिंकारा पहिल्या अनुसूचीत गेले, हे योग्यच झालं. माझा प्रश्न पुढचा आहे. शिकार बंद झाली, ठीक. पण जगलेलं हरीण कुणाच्या शेतात चरतं?

वाळवंटातल्या हरणाच्या शिकारीचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं प्रकरण घ्या. १९९८ च्या ऑक्टोबरात मुंबईहून चित्रीकरणासाठी जोधपूरला गेलेल्या सिनेमावाल्यांवर कांकाणी गावात काळविटं मारल्याचा आरोप झाला. ५ एप्रिल २०१८ ला सलमान खानला जोधपूरच्या न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली. सोबतचे कलाकार निर्दोष सुटले. पुढे त्याला जामीन मिळाला, अपील झालं. आमच्या अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात सिनेमावाले गल्लोगल्ली, त्यामुळे इथे चर्चा झाली ती नटाची. पण वीस वर्षं खटला तग धरून राहिला तो बिश्नोई साक्षीदारांमुळे. त्यांच्या शेतात काळविटं चरतात आणि ते हाकलत नाहीत. १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना याच समाजातल्या ३६३ जणांनी प्राण दिल्याचं सांगतात. त्यांच्या अहिंसेला दर हंगामात किंमत पडते आणि ती ते आपल्या खळ्यातून चुकती करतात.

महाराष्ट्रात तेवढ्या श्रद्धेचं पाठबळ नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, १९८० सालचं. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळावर कळप कितीसा मावणार? तारेच्या पलीकडे कुणाची तरी ज्वारी असते, कुणाचा हरभरा असतो, आणि कोवळं पीक काळविटांना गवताहून गोड लागतं. शेतकरी रात्री राखण करतो, सकाळी पंचनाम्यासाठी फोन करतो आणि भरपाईची वाट बघतो. याच माळांवर पिढ्यान्‌पिढ्या फासेपारधी शिकार करत. शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं कळपाजवळ सरकायचं आणि फासांची रांग अंथरायची. वाऱ्याचं आणि पावलांचं जे ज्ञान मित्र आज पुस्तकांतून गोळा करतोय, ते यांना उपजत होतं. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला आणि वीस वर्षांनी नव्या कायद्यानं त्यांचा धंदाच गुन्हा झाला. कायदा बरोबर होता. पण हातातला फास काढून घेतल्यावर त्या हातांना दुसरं काम देणं, हा कायद्याचा उरलेला अर्धा भाग आपण लिहायचाच विसरलो.

माझ्या आजोळी, कुडाळकडे, मामाकडे ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. नळीत दारू ओतायची, काथ्याचा बोळा घालून गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी, शेवटी मागे टोपी बसवायची. इतकं करून बार एकच. भात पोटरीला आलं की मामा माळ्यावर झोपायचा. डबे बडवूनही डुकरं हटली नाहीत तरच बंदूक, आणि तीही बहुतेक वेळा हवेत. त्याचा नियम एकच होता, ‘फुडे काय आसा ता दिसल्याशिवाय बार काढूचो नाय.’ टूसाँच्या मैदानातले सगळे धडे या वाक्यात येऊन जातात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आताही विधानसभेची निवडणूक २०१९ ला ऑक्टोबरात झाली आणि २०२४ ला नोव्हेंबरात. कोकणात भात पिकायचे, कापायचे हेच दिवस. मतदान शांततेत पार पडतं. डुकरांना आचारसंहिता नसते.

आणि आम्ही? जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या कडेला राहणारे आम्ही वन्यप्राण्यांचे कट्टर कैवारी आहोत. काळविटासाठी आम्ही मेणबत्त्या लावू. पण रस्त्याच्या पलीकडे आरे आहे आणि आरेत बिबटे. एखाद्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या भिंतीवरून चालताना दिसला की व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात मागणी येते, वनखात्याला सांगून पिंजरा लावा, याला कुठेतरी लांब नेऊन सोडा. लांब म्हणजे कुठे, तिथे कोण राहतं, हे कुणी विचारत नाही. आरेतल्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजत आलेत, बिबट्याच्या शेजारात संसार करत आलेत. २०२२ च्या दिवाळीत तिथे बिबट्याच्या हल्ल्यात दीड वर्षाची मुलगी गेली. ती किंमत पाड्यानं मोजली. लिंक रोडच्या अलीकडे आम्ही फटाके वाजवत होतो.

२०१६ मध्ये बिहारात पिकांचा नाश करणाऱ्या नीलगायी सरकारी परवानगीनं मारल्या, तेव्हा केंद्रातले दोन मंत्रीच जाहीरपणे भांडले, एक प्राण्यांच्या बाजूनं, दुसरे शेतकऱ्यांच्या. शहरानं आपली बाजू पटकन निवडली, कारण शहराला दोन्ही बाजू सारख्याच फुकट होत्या.

शिकाऱ्याची बाजू घ्यावी असं मला अजूनही वाटत नाही. मित्राच्या हातून हरीण पडू नये, असंच मी मनाशी म्हणतो. पण त्यानं घेतलेली मेहनत, मोजलेले पैसे आणि स्वतःला घालून घेतलेली दोनशे यार्डांची मर्यादा यांच्यापुढे माझी नुसती हळहळ उणी पडते, हे दिसतं. न मारणं ही सुरुवात झाली. जगवायचं असेल तर खर्च आहे आणि तो आज ज्वारीवाला, भातवाला, पाड्यावरचा माणूस आणि बेकार झालेला पारधी यांच्या नावावर पडतो.

मुंबई महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकराची एक ओळ असते. झाडांसाठी चालतं, तर रेहेकुरीच्या ज्वारीसाठी आणि आरेच्या पाड्यांसाठी आणखी एक ओळ यायला हरकत नसावी. ती आली तर आमच्या सोसायटीच्या सभेत किती जण कुरकुर न करता भरतात, त्यावरून आमच्या प्राणिप्रेमाचा पल्ला नेमका किती यार्डांचा, तेही एकदाचं कळून जाईल.