दोन दरबारांच्या मधलं खोरं

पोलादपूरला उतरणारी बहुतेक माणसं आंबेनळी घाटानं महाबळेश्वर गाठतात, नाहीतर गोव्याच्या रस्त्याला लागतात. उमरठचा फाटा धरणारे थोडे. त्यांतलेही बरेचसे समाधीपुढे मोटारसायकलींचे भोंगे वाजवतात, पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. मी पोचलो तेव्हा असाच एक ताफा तिथे होता. ज्या माणसानं मुलाचं लग्न मागे ठेवून कोंढाणा जवळ केला, त्याच्या समाधीशी भोंगा वाजवावासा वाटतोच कसा, याचा मला मनापासून राग येतो. ताफा गेला आणि मग तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्यांपाशी शांतपणे बसता आलं.

त्याआधीचे दिवस महाडात आणि शिवथरघळीत गेले. त्यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला उमरठला यायचं होतं ते डोकं टेकायला, आणि तितकंच मोऱ्यांचं जावळीचं खोरं खालून बघायला. आपण जावळी बघतो ती वरून, महाबळेश्वरच्या पॉइंटांवरून. उमरठहून पुढे ढवळ्याकडे निघालं की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. ढवळ्याजवळचा चंद्रगड मोऱ्यांचाच, आणि तिथून ढवळे घाटाची वाट थेट आर्थर सीटला चढते. या भिंतीतल्या वाटा ज्याच्या हातात, त्याच्या हातात देशावरून कोकणातल्या बंदरांकडे जाणारा माल, जकात आणि फौजा. विजापूरला आणि शिवाजीराजांना, दोघांनाही हे खोरं हवं होतं ते यासाठी.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट फार घाईत संपते. मोरे उर्मट होते, महाराजांनी जावळी घेतली, पुढे प्रतापगड. खरी चुरस त्याच्या सातआठ वर्षं आधी सुरू झाली होती. चंद्रराव हा किताब विजापूरचा, पिढीजात चालत आलेला. दौलतराव मोरे निपुत्रिक वारले, तेव्हा शिवथरच्या मोऱ्यांमधला मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला तो शिवाजीराजांच्या पाठबळावर. इकडे १६४९ मध्ये वाईच्या सुभेदारीवर आलेल्या अफझलखानानं कान्होजी जेध्यांना जावळीच्या मोहिमेत यायला लिहिलं. म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याशी समोरासमोर येण्याच्या दहा वर्षं आधी राजे आणि खान एकाच खोऱ्याच्या गादीवर कोण बसणार यावरून एकमेकांना जोखत होती. नव्या चंद्ररावानं मात्र गादी मिळाल्यावर राजांचं ऐकलं नाही. स्वराज्यातून पळालेल्या गुन्हेगारांना आसरा दिला आणि विजापूरचा मान राखत स्वतःचा कारभार चालू ठेवला. त्याच्या तोंडी घातलेली खणखणीत पत्रोत्तरं सगळेच इतिहासकार अस्सल मानत नाहीत, म्हणून ती बाजूला ठेवतो. पण त्याची चाल कळते. दोघांना माझी गरज आहे, तर मी दोघांपैकी कुणाचाच का व्हावं?

हे सगळं मी समाधीजवळच्या एका गृहस्थांना सांगत होतो. पंचाहत्तरीला टेकलेले, ताठ, बारीक कापलेले पांढरे केस. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, जेवल्याबिगर जायचं न्हाई. मोऱ्यांचं मग बोलू."

घर जवळच्या वाडीत. डिसेंबरचं ऊन होतं, अंगणात पेंढा रचलेला, पडवीत वाल वाळत घातलेले. काकूंनी चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी आणि कांदा असं वाढलं. कोकण म्हटलं की लोकांना नारळाच्या रसातले मासे आठवतात. मला विचाराल तर घाटाखालच्या या पट्ट्यातलं जेवण त्याहून सरस. कुळथाच्या पिठल्याला जो करपट वास लागतो, तो शहरातल्या गॅसवर येत नाही. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा हवालदारांनी ताटावरून हात न उचलता विचारलं, "साहेब, तुमी श्रीलंकेला गेलाय का?"

नाही म्हणालो.

"मी होतो. सत्त्याऐंशीला. जाफन्याला उतरलो तवा लोकांनी गळ्यात हार घातले आमच्या. बायका आरत्या घेऊन उभ्या. आमाला वाटलं, हे तर आपलंच गाव."

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथल्या तमिळांच्या प्रश्नावर करार केला आणि भारताची शांतिसेना लंकेत उतरली. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना लंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. उत्तरेत हार आणि कोलंबोत दस्ता. करारासोबतच्या पत्रांत आणखीही एक गोष्ट होती. त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीनं कुठल्याही देशाच्या लष्कराला वापरू द्यायचं नाही, असं लंकेनं त्यांत मान्य केलं होतं. तमिळांचे हक्क हा खरा प्रश्न होता, आणि बंदरही खरं होतं.

"एक म्हातारी होती," हवालदार सांगत होते. "आमची गस्त तिच्या दारावरून जायची. रोज पाणी द्यायची तांब्यातनं. तिची भाषा आमाला येत न्हवती, आमची तिला न्हाई. आक्टोबरात लढाई सुरू झाली तमिळ वाघांशी. त्यानंतर तिनं दार लावलं ते लावलंच. मी तिथं होतो तवर ते दार पुन्यांदा उघडं बघितलं न्हाई."

काकू मधेच म्हणाल्या, "माझ्या लेखी लंका म्हंजे रावणाची, न्हाईतर रेडिओ सिलोनच्या गाण्यांची. मग बातम्यांत लंका आली. पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. तवर ह्यांच्या आईला मी काय सांगायचं?"

सुमारे बाराशे भारतीय जवान तिथं कामी आले. पुढे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि भारतीय फौज बाहेर काढण्यासाठी त्यांनी ज्या वाघांशी लंकेचं सरकार लढत होतं त्यांनाच शस्त्रं दिली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासच्या बंदरावरच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. हे मी वाचलेलं होतं. समोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या पलटणीतलं कोण परतलं नाही, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. ती नावं इथे लिहीत नाही.

मी विचारलं, "प्रेमदासांचा राग नाही आला?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "पोरं गेली त्याचा आला. अजून येतो. पर त्या माणसाला आमी नको होतो, एवढं खरं होतं. उद्या आपल्या उमरठात दुसऱ्याची पलटण येऊन बसली, चांगल्या कामाला का होईना, तर आपण काय केलं असतं? तुमचा तो मोरे. त्यालाबी दोघं नको होते. दोघांकडनं पायजे तेवढं घ्यायचं, आन् दोघांना दारात उभं ठेवायचं."

"मग मोरे बरोबर होते?"

"न्हाई. त्यांची ताकद न्हवती तेवढी. आन् त्यांनी खालच्या माणसांना धरून ठेवलं न्हाई. राजांनी धरलं."

मला हे मान्य आहे, आणि त्याला पुरावाही आहे. जानेवारी १६५६ मध्ये जावळी पडली. चंद्रराव रायरीवर गेला, काही महिन्यांत रायरीही गेली आणि तो मारला गेला. हे बळानं झालं, यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. मोऱ्यांपैकी प्रतापराव विजापूरला पळाला आणि अफझलखानाबरोबर परत आला. पण मोऱ्यांच्या पदरी असलेले, महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे मुरारबाजी देशपांडे जावळीत राजांविरुद्ध लढले आणि १६६५ मध्ये पुरंदरावर राजांसाठी दिलेरखानाशी झुंजताना पडले. जून १६५९ मध्ये आदिलशाहीनं मावळच्या देशमुखांना अफझलखानाला सामील होण्याची फर्मानं धाडली. खंडोजी खोपडे गेले. कान्होजी जेध्यांनी मुलांसह राजांपुढे येऊन वतनावर पाणी सोडलं. विजापूर किताब देत होतं, इनाम देत होतं, धाक घालत होतं. राजांकडे त्या वेळी विजापूरइतकं देण्यासारखं काहीच नव्हतं, तरी माणसं राजांकडे गेली. रायरीचा पुढे रायगड झाला, तोही याच खोऱ्यांच्या तोंडाशी.

दोन बड्यांच्या मधल्या आजच्या शेजाऱ्यांवरून मी नेपाळचा विषय काढला. २०१५ मध्ये सीमेवर माल अडला, नेपाळात महिनोन्‌महिने गॅस आणि औषधं मिळेनाशी झाली, आणि २०१६ मध्ये त्या देशानं चीनशी मालवाहतुकीचा करार केला. लंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडे गेलं. हवालदारांना हंबनटोटा ठाऊक होतं, ते पेपर नीट वाचतात. "पर बावीस साली तिथं पेट्रोल न्हवतं, तवा आपण पाठवलं ना? ते वाचलं आन् बरं वाटलं." त्या वर्षी भारतानं लंकेला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली होती. "त्या म्हातारीच्या घरात आपला तांदूळ शिजला असंल," काकू म्हणाल्या. "जिती असली तर." हवालदार काही बोलले नाहीत.

जावळी स्वराज्यात विलीन झाली. आज शेजारी देशाच्या बाबतीत ती वाट कुणालाही मोकळी नाही, नसावीही. म्हणूनच मला वाटतं की काठमांडू, कोलंबो, माले इथं कुणाचं सरकार आलं म्हणून पेढे वाटणं आणि कुणाचं गेलं म्हणून सुतक पाळणं आपण सोडायला हवं. सत्तेवरची माणसं चंद्ररावासारखी दोन्हीकडे बघणारच, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही बघितलं असतं. मोठ्या शेजाऱ्याची पत त्या देशातल्या सामान्य घरांत ठरते, आणि तिथं आपण बीजिंगपेक्षा फार जवळ आहोत. गॅस अडवून हे जवळपण आपण स्वतःच्या हातानं घालवतो.

निघताना हवालदारांनी सांगितलं की कोलंबोजवळ शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक आहे, लंकेच्याच सरकारनं बांधलेलं. ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही. जायची इच्छा आहे.

ढवळ्यापर्यंत मी चालत गेलो. चंद्रगड चढायला उशीर झाला होता. तुम्ही उमरठला जाल तर मुक्कामाच्या तयारीनं जा. समाधीशी गाडीचा भोंगा वाजवू नका, आणि गावात फौजेतून परतलेलं कुणी भेटलं तर त्यांच्या नोकरीबद्दल विचारा, ते सांगतात. लंकेत गेलेल्यांतले सगळ्यात तरुण जवानसुद्धा आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत.