पाच बोटांचा हिशेब

हाताची पाची बोटे सारखी नसतात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. म्हणताना डोळ्यांपुढे असतात ते चार भाऊ, दोन सुना किंवा वर्गातली पोरे. बोटे मात्र नसतात. बोटांचाच विचार कोणी केला असेल, तर तो कायद्याने. १९२३ साली आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आणि आज ते वाचले, की म्हण अक्षरशः खरी ठरते. आंगठा गेला तर माणसाची कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे समजायचे. तर्जनीचे १४ टक्के, मधल्या बोटाचे १२, अनामिकेचे किंवा करंगळीचे ७. दोन्ही हात गेले की पुरे १००.

मी शाळेत गणित शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हा तक्ता पाहून माझ्यातला कादंबरीकार गप्प झाला. मास्तराने मात्र लगेच बेरीज मांडली. तर्जनी आणि मधले बोट, १४ आणि १२ मिळून २६. पण एका हाताची दोन बोटे गेली तर तक्ता म्हणतो, २० टक्के! गणिताच्या पेपरात असे उत्तर कोणी लिहिले असते, तर मी त्यावर लाल फुली मारली असती.

हा तक्ता माझ्या हाती आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो पॉवर प्रेसवर कामाला होता. काम ऐकायला अगदी सोपे. पत्रा डायखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचे, तयार झालेला जॉब हाताने काढायचा, की पुढचा पत्रा. पाळीभर हेच. २०२३ साली एका संध्याकाळी यंत्र एकदा दाबल्यावर दोनदा खाली आले. उजव्या हाताची पहिली दोन बोटे गेली. वय वर्षे पंचवीस.

मालकाने दवाखान्याचे बिल भरले, वर २०,००० रुपये दिले. तो मला भेटायला आला तेव्हा हात खिशात होता.

"मालक म्हणाले, तुझंच लक्ष नव्हतं. आणि सर, मलाही तसंच वाटलं."

हे 'मलाही तसंच वाटलं' मला फार लागले. 'लक्ष कुठे आहे?' हे वाक्य मुले शाळेत इतक्यांदा ऐकतात, की मोठेपणी ते कोणीही उच्चारले तरी मान आपोआप खाली जाते. पण कायदा तसे विचारत नाही. निव्वळ दुर्लक्ष झाले म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. तो दारू पिऊन कामावर होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचा गार्ड जाणूनबुजून काढला, असे असेल तरच मालकाला हात झटकता येतात. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तेव्हाही नाही. हजारदा तेच काम करणाऱ्याचे लक्ष कधीतरी ढळणारच, हे त्या कायद्याला कळते. म्हणूनच दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस असते. हात आत असेपर्यंत ती हलतच नाही.

मग आम्ही दोघांनी हिशेब केला. महिन्याचे वेतन १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. त्याचे २० टक्के, म्हणजे ३,९०,४३८ रुपये. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. "सर, एवढे?" म्हणाला. मग हळूच, "बोटं परत येत नाहीत ना पण."

त्याने आयुक्तांकडे अर्ज केला आहे; तारखा पडत आहेत. मधल्या काळात नवीच अडचण उभी राहिली. बँकेत सही जुळेना. त्याने दुरेघी वही आणली आणि डाव्या हाताने अक्षर गिरवायला घेतले. आता तो एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवतो. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिथे ठराविक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य कामगार विमा योजना लागू असते. कामावरच्या अपघातासाठी ती पहिल्या दिवसापासून लागू. चिंचवडला मोहननगरात आणि बिबवेवाडीत तिची रुग्णालये आहेत. उपचार चालू असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. पुढे वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर दरमहा पैसे येतात. पण 'सेफ इन इंडिया फाउंडेशन' ही संस्था २०१९ पासून वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतल्या अशा जखमांचे अहवाल काढते, त्यांत दिसते ते असे, की पुष्कळांना विम्याचे कार्ड मिळते ते बोटे गेल्यावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ मालकाकडे भरपाई मागता येते, हे तत्त्व तिथेही आहे.

दिवाळीच्या फराळाचा स्टीलचा डबा, दाराशी उभी असलेली दुचाकी, कपाटाची कडी, यांतला पुष्कळसा पत्रा अशाच कुठल्यातरी प्रेसखालून आलेला असतो. वाचकहो, आपल्या घरातले, शेजारचे कोणी भोसरी-चाकणला कामावर जात असेल, तर बोनस किती झाला हे विचारताना आणखी दोन गोष्टी विचारा: विम्याचा नंबर मिळाला का, आणि यंत्राला गार्ड आहे का. एक गोष्ट सांगूनही ठेवा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. वेळेत पोहोचले तर कधी कधी ते जोडता येते, आणि मग त्या तक्त्याची गरजच पडत नाही.